दाताची कीड : औषधाआधी सवय



कपाशीवर बोंडअळी आली, हरभऱ्यात घाटेअळी शिरली, की आपण सारं रान फिरून बघतो. पण घरातलं लेकरू रात्री गालाला हात लावून रडू लागलं, तर दाताखाली लवंग ठेवतो आणि सकाळी विसरून जातो. आज या दुसऱ्या किडीविषयी बोलायचं आहे.

पहिली गोष्ट अशी, की दाताच्या किडीत अळी नसते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘अळ्या पडल्या’ म्हणून दाखवतात. त्या अळ्या दातातल्या नव्हेत. मग दात पोखरतं कोण? दातावर जो चिकट थर साचतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. आपण खाल्लेली साखर तेही खातात आणि आम्ल सोडतात. हे आम्ल दाताचं कवच झिजवतं.

वेरूळच्या मंडळींना हे पटायला जड जाऊ नये. कैलास लेणं ज्या काळ्या पाषाणात कोरलं, तो पाषाण किती कठीण! तरी पाणी वर्षानुवर्षं पाझरत राहिलं, की त्या दगडाचंही नुकसान होतं. दाताचं कवच हा तर आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण भाग. पण रोज थोडं थोडं आम्ल लागत गेलं, की त्यालाही खड्डा पडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गोड किती खाल्लं, याइतकंच ते दिवसातून कितीदा खाल्लं हेही महत्त्वाचं आहे. गोड खाल्ल्यावर आम्लाचा जोर साधारण अर्धा ते एक तास राहतो. मग लाळ त्याला मोडते आणि झालेली झीज थोडी भरूनही काढते. जेवणासोबत एक पेढा खाल्ला, तर लाळेला सवड मिळते. पण सकाळी गोड चहा, दहाला बिस्कीट, दुपारी गोळी, संध्याकाळी पुन्हा चहा असं चाललं, तर ही सवड मिळत नाही. श्रावणात घृष्णेश्वराला यात्रेकरूंची रीघ लागते. तेव्हा दुकानात बसलेलं पोर दिवसभर एकेक पेढा तोंडात टाकतं, त्याचे दात असेच जातात. गूळ चालतो असं समजू नका. गुळातही साखरच आहे.

दुसरी चूक सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी आधीचा दात पडत नाही, म्हणून आईबापांना पत्ताच लागत नाही. किडली तरी ‘दुधाचीच आहे, पडून जाईल’ म्हणतात. बंधूंनो, ती जन्माची दाढ आहे! वर दोन, खाली दोन अशा त्या चार. गेली की पुन्हा येत नाही. आज रात्रीच लेकराचं तोंड उजेडात उघडून बघा.

तिसरी गोष्ट मिश्रीची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने ठणका दबल्यासारखा वाटतो, पण कीड आत वाढतच राहते, व्यसन जडतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका येतो. राख, कोळसा, विटेची पूड यांनी कवच खरवडलं जातं.

मग रोज काय करावं?

१. सकाळी आणि रात्री झोपताना दात घासावेत. रात्रीचं चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते.

२. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. ती कवच बळकट करते. ३ वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरे. घासल्यावर थुंकावं, गिळू नये.

३. ६-७ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत.

४. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये.

५. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे, गाजर, पेरू द्यावा. गोड खाल्ल्यावर चूळ भरावी.

६. कडुनिंबाची काडी वापरत असाल, तर हलक्या हाताने फिरवावी. पण तिच्यात पेस्टमधलं फ्लोराइड नसतं, म्हणून रात्री तरी पेस्ट हवीच.

मराठवाड्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग पडतात. ती कीड नव्हे. अशा गावाने पाणी तपासून घ्यावं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी पिऊ नये.

दातावर काळा ठिपका दिसला किंवा थंड पाण्याने कळ आली, तर ठणक्याची वाट पाहू नका. त्या वेळी खड्डा भरता येतो. उशीर झाला की दात काढावा लागतो. शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा लेकराचे दात जरूर दाखवा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे.

पिकावर कीड दिसेपर्यंत थांबणाऱ्याचं नुकसान ठरलेलं असतं, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं? पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येईल. जन्माच्या दाताची पेरणी मात्र एकदाच होते.