मोबाइलातली शाळा आणि वसतिगृहाची खाट



शिक्षण आता मोबाइलात आलंय, फुकट आहे, असं आपल्याला सांगतात. खोटं नाही ते. आयआयट्यांची व्याख्यानं २००३ साली सुरू झालेल्या 'एनपीटेल'वर आहेत. २०१७ साली सरकारनं 'स्वयं' काढलं. ज्या वर्गाच्या दारात आपल्या पोराला प्रवेश परीक्षा, फी नि आडनाव अडवतं, त्या वर्गातला फळा आज झोपडपट्टीतल्या पोटमाळ्यावर दिसतो. पडद्यावरचा मास्तर जात विचारत नाही. कळलं नाही तर दहादा मागं न्या, कुणी दात काढणार नाही. हे हत्यार आहे. ते टाकू नका.

पण हत्यार होतं कुणाच्या घरात? सरकारचीच २०१७-१८ची पाहणी बघा. इंटरनेटची सोय शहरात शंभरातल्या ४२ घरांत, खेड्यात फक्त १५ घरांत. आणि २०२० साली शाळांना टाळं ठोकून फर्मान निघालं : ऑनलाइन शिका! एक मोबाइल, तोही बाप कामावर नेणार. रात्री तो आला की आधी भावाचा नंबर, मग बहिणीचा. तोवर रिचार्ज संपलेलं.

त्यानंतर मोबाइल वाढले, कबूल. पण दहा बाय दहाची खोली वाढली काय?

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेनं १९२५ साली सोलापुरात काय उघडलं? वसतिगृह! शाळा गावात होती. पण आपल्या पोराला टेकायला जागा, दोन वेळची भाकरी नि सोबतीला चार पोरं नव्हती. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं, तिथं नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरले. शिकणाऱ्याचं पोट नि त्याचं घड्याळ आधी बघितलं, पुस्तक मागनं.

मोबाइल धडा देतो, खाट देत नाही. प्रयोगशाळा देत नाही. अन्याय झाला तर प्रिन्सिपलच्या केबिनपुढं आपल्याबरोबर उभं राहणारा दोस्त देत नाही.

२०२१ पासून कॉलेजच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयं'वरून घ्यायला यूजीसीची मुभा आहे. उद्या ह्याच मुभेचा आधार घेऊन म्हणतील, प्राध्यापक भरायचे कशाला? वसतिगृह हवं कशाला? तेव्हा गप्प बसाल तर पोटमाळ्यावरच राहाल.

म्हणून दोन कामं. वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात संध्याकाळी दहा जण जमा, एकच व्याख्यान बघा नि त्यावर भांडा. आणि दिवसा समाजकल्याणच्या कचेरीवर चला. वसतिगृहाच्या जागा वाढवा, स्कॉलरशिप वेळेवर द्या, हे मागायला. ह्यातलं एकच काम करून भागणार नाही.

जय भीम!