बासष्टच्या बखरी



बासष्टच्या चीन युद्धावर कोणी बोलायला उभे राहिले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : चूक कोणाची? नेहरूंची, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची की सेनापतींची? त्याचा निवाडा करायला मी आलेलो नाही. तो निवाडा ज्यांनी छापून ठेवला, त्या पुस्तकांबद्दल मला बोलायचे आहे. पानिपतानंतर आपल्याकडे बखरी झाल्या आणि कोणी भाऊसाहेबांना बोल लावला, कोणी मल्हाररावांना. बासष्टनंतर तेच झाले. फरक एवढाच की या बखरी इंग्रजीत होत्या आणि लिहिणारे बहुतेक स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्याजवळ उभे होते.

१९६७ साली, युद्धात ईशान्येच्या आघाडीवर सेनापती असलेल्या लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचे ‘द अनटोल्ड स्टोरी’ आले. १९६९ साली ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’, १९७० मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांचे ‘इंडियाज चायना वॉर’ आणि १९७१ मध्ये गुप्तवार्ता विभागाचे माजी प्रमुख बी. एन. मलिक यांचे ‘द चायनीज बिट्रेयल’. मलिकांविषयी थोडक्यात सांगतो : आम्ही माहिती दिली होती, पुढचे ज्याने त्याने पाहायचे होते, असा त्यांचा सूर आहे. चौक्या पुढे नेल्या तरी चिनी बळाचा वापर करणार नाहीत, हा अंदाज त्यांच्याच खात्याचा होता.

दळवींपाशी मात्र थांबायला हवे. त्यांची सातवी ब्रिगेड ईशान्य सीमेवर नामका चू नदीच्या काठी, खोऱ्याच्या तळाशी होती आणि समोर थागलाच्या उंचीवर चिनी. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे तोफा सुरू झाल्या, २२ तारखेला दळवी पकडले गेले आणि मे १९६३ मध्ये सुटले. पुस्तकात संताप आहे, अनेक ठिकाणी तो आवरत नाही. तरीही या चौघांत मी त्यांनाच वरचे स्थान देतो. अंगावर उन्हाळी कपडे असलेल्या जवानांना त्या उंचीवर कसे चढवले गेले, त्सांगधरला विमानातून टाकलेले सामान दऱ्यांत कसे गेले, हे ते तपशिलाने सांगतात. पराभव रणांगणावर होण्याआधी कोठारात होतो, हे त्यांच्याकडून कळते.

मॅक्सवेल हे लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतील वार्ताहर. सीमेचा इतिहास त्यांनी कसून लिहिला आणि पुस्तक गाजलेही इतके की १९७२ च्या पेकिंग भेटीत निक्सन आणि चौ एन-लाय यांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख आला. मला खटकते ते हे, की दिल्लीचा कागद ते उलटतपासणी घेतल्यासारखा वाचतात आणि पेकिंगचा कागद विश्वासाने.

पण त्यांच्या हाती एक असा कागद होता, जो इतरांना दाखवताही येत नव्हता. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांचा १९६३ चा लष्करी चौकशी अहवाल सरकारने आजवर खुला केलेला नाही. मार्च २०१४ मध्ये मॅक्सवेल यांनी त्याचा बराचसा भाग स्वतःच इंटरनेटवर टाकला. त्यातली एक गोष्ट ऐका. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत चौक्या पुढे नेण्याचे ठरले, पण त्या चौक्यांच्या पाठीशी, मागच्या तळांवर मोठे सैन्यबळ उभे करावे, असेही त्याच निर्णयात होते. डिसेंबरात लष्करी मुख्यालयाने खाली जो हुकूम पाठवला, त्यातून नेमकी ही अट गळली. चौक्या पुढे गेल्या, पाठबळ मागेच राहिले. एक कलम गळाल्याने काय होते, ते कचेरीत काम केलेल्या माणसाला मी सांगायला नको! हा अहवाल वेळेवर छापला असता, तर या बखरींपैकी निम्म्या तरी लिहाव्या लागल्या नसत्या, असे मला वाटते.

तो न छापण्याचा निर्णय लोकसभेत कोणी सांगितला? यशवंतराव चव्हाणांनी, २ सप्टेंबर १९६३ रोजी. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण अभिमानाने म्हणतो. संरक्षणमंत्री म्हणून त्यांचा शपथविधी झाला तो २१ नोव्हेंबर १९६२ ला, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी. सारे कागद त्यांच्यापुढे होते आणि स्वतःचा बचाव करण्याची गरज नव्हती, असा तिथे तेवढाच एक माणूस. त्यांचे ‘कृष्णाकाठ’ मात्र १९४६ पाशी थांबते. दिल्लीच्या वर्षांचे ‘यमुनाकाठ’ योजले होते, पण १९८४ साली चव्हाण गेले आणि ते राहून गेले. ती पोकळी थोडीफार भरली त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी : ‘डिबॅकल टु रिव्हायव्हल’ लिहून आणि २००७ साली चव्हाणांची पासष्टच्या पाकिस्तान युद्धातली रोजनिशी प्रसिद्ध करून. एक प्रसंग पाहा. बासष्टमध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती. १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी हवाईदलाची मदत मागितली गेली तेव्हा चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि संध्याकाळी विमाने छांबवर होती. बासष्टच्या बखरी वाचून झाल्यावर ही रोजनिशी वाचली, तर त्या होकाराचे वजन कळते.

ज्यांना बाजू न घेता लिहिलेले हवे, त्यांनी श्रीनाथ राघवन यांचे २०१० चे ‘वॉर अँड पीस इन मॉडर्न इंडिया’ पाहावे. पण त्याआधी एक करा. १० ऑक्टोबर १९६२ च्या सकाळी कौल आणि दळवी दोघेही नामका चूच्या काठी होते, आणि नदीपलीकडे त्सेंग जाँगला पंजाब पलटणीच्या मूठभर जवानांवर चिनी तुटून पडले होते. त्या एका सकाळची दोघांची पाने शेजारी ठेवून वाचा.