बिलबेरी आणि आपले डोळे



औषधालयात काम करीत असता आपल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून मला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : बिलबेरीच्या गोळ्या घेतल्या, तर डोळ्यांत थेंब घालणे थांबवता येईल काय? आज मी त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

बिलबेरी हे उत्तर युरोपातील जंगलांत वाढणारे ठेंगणे झुडूप. ब्लूबेरीचा गर आतून फिकट असतो. बिलबेरीचा मात्र आतपर्यंत गडद जांभळा. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा होय. कोकणात जांभळे खाऊन ज्यांच्या जिभा रंगल्या, त्यांना ही द्रव्ये अगदीच परकी नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा मुरंबा खात आणि म्हणून त्यांना अंधारात उत्तम दिसे, अशी कथा सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. १९९९ मध्ये इस्राएली नेत्रतज्ज्ञांचा आणि २००० मध्ये अमेरिकी संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्हींत निरोगी तरुणांच्या रात्रीच्या दृष्टीत सुधारणा आढळली नाही.

मग हे फळ निरुपयोगी काय? तसे नव्हे. नीला मंदावून पाय जड होणे, सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक असणे, अशा किरकोळ तक्रारींसाठी त्याच्या अर्काचा वापर युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने मान्य केला आहे. परंतु ती मान्यता दीर्घ परंपरेच्या आधारावर आहे. प्रयोगांनी गुण सिद्ध झाल्यामुळे नव्हे. सुकवलेली फळे साध्या जुलाबावरही देतात.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास अर्क घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहावर म्हणून त्याच्या पानांचा काढा घेऊ नये. कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असेल, तर ते कोशेर आहे की नाही हेही पाहावे.

आता मूळ प्रश्न. काचबिंदू बहुधा वेदना न देता दृष्टी हिरावतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. डोळ्यांतील दाब थेंबांनी आवरला जातो. बिलबेरी त्यांची जागा घेऊ शकत नाही. मधुमेह असलेल्यांनी रक्तातील साखर ताब्यात ठेवावी आणि नेत्रपटलाची नियमित तपासणी करून घ्यावी.

फळ आवडीने खावे, थेंब मात्र नेमाने घालावेत. शब्बाथच्या दिव्यांची ज्योत आपणां सर्वांस दीर्घकाळ स्वच्छ दिसो, हीच प्रार्थना.