डावा हात, उजवी मूठ

(भांडुप येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, "डावखुरेपणा आणि दुचाकी." पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. मग हळूच विचारणा झाली, "यावर तासभर बोलता येईल ना?" ते आता तुम्हीच ठरवा. पण प्रश्न मी उकरून काढलेला नाही. दुचाकी शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या आया तो मला विचारतात. "सर, आमचा डावरा आहे हो. त्याला जमेल ना?" वडील बहुधा विचारत नाहीत. त्यांना बिचाऱ्यांना हप्त्याची काळजी असते.

उत्तर आधीच सांगून टाकतो: जमेल. पण का जमेल, ते कळायला मोटारसायकलने आपल्या हातापायांना कामं कशी वाटून दिली आहेत ते पाहावं लागेल. उजव्या हाताकडे मूठ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, आणि पुढचा ब्रेक. उजव्या पायाकडे मागचा ब्रेक. डाव्या पायाकडे गिअर. डाव्या हाताकडे क्लच, आणि सोबत हॉर्न, डिपर, इंडिकेटर ही किरकोळ खाती. वरवर पाहिलं तर वाटतं, पळवणं आणि थांबवणं दोन्ही उजवीकडे, म्हणजे यंत्र उजव्यांनी उजव्यांसाठी केलेलं.

आता आपल्या भांडुपच्या डोंगरावर चला. हनुमान नगरचा चढ. पुढे टँकर अडकलाय, मागे रिक्षा चिकटलीय, बाजूला पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका. गाडी थांबवलीत. डावा पाय जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. टँकर हलला. उजव्या हाताने मूठ जराशी पिळायची, त्यात फारसं कसब नाही. खरं काम आता डाव्या हाताचं. क्लच सोडत सोडत असा एका जागी आणायचा की इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडी पुढे झुकल्यासारखी वाटते. तिथे तो धरून ठेवायचा, मगच ब्रेकवरचा पाय उचलायचा. एवढंसं जास्त सुटलं तर इंजिन बंद, एवढंसं कमी सुटलं तर गाडी मागच्या रिक्षावर. नवशिक्याची फजिती होते ती इथे. आणि हे काम दहातल्या नऊ माणसांच्या कमी सरावाच्या हाताकडे आहे!

तबल्याच्या बैठकीला जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. बोल स्पष्ट वाजतात ते उजव्या हाताने, पण डग्ग्यावर मनगट दाबून जी घुमार निघते ती डाव्याची. फरक इतकाच, की डावखुरा तबलजी जोडीची अदलाबदल करून बसतो. मोटारसायकलची जोडी फिरवता येत नाही. म्हणून कुणाला कमी सराव असलेल्या हाताने क्लच शिकावा लागतो, कुणाला मूठ आणि पुढचा ब्रेक. शिकावं दोघांनाही लागतंच.

आमच्या पिढीची स्कूटर आठवा. बजाज चेतक 1972 साली आली. तिचा क्लच डाव्या हातात, आणि गिअरही त्याच हातात, अख्खी मूठ फिरवून टाकायचे. डाव्या पायाला काही कामच नाही. घराघरातल्या उजव्या हाताच्या काकांनी सगळं नाजूक काम डाव्या मनगटाने केलं आणि मागे काकू, पुढे उभी पोरं घेऊन एलबीएस रोडने मुलुंडपर्यंत नेली. (सकाळी ती एका अंगाला कलंडवून सुरू करायची तो भाग वेगळा.) आपले रिक्षावालेही वर्षानुवर्षं डाव्या मुठीत गिअर टाकत आले. स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या चालकांना विचारा, तुमचा डावा हात कच्चा आहे का? काय उत्तर मिळेल ते मी इथे सांगत नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा बुलेटचा आहे. इंग्लंडच्या रेडिचमधली ही गाडी 1955 पासून मद्रासला बनू लागली. इंग्रजी रिवाजाप्रमाणे तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. अमेरिकेने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नियम केला की गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या पायालाच हवा. त्या बाजारात गाड्या विकायच्या म्हणून इंग्रज कारखान्यांना सांधे-दांड्या लावून रचना उलटवावी लागली. आपल्याकडे मात्र बुलेटचा उजवा गिअर या शतकातही टिकून होता. आता ज्याच्या दारात जुनी बुलेट आणि शेजारी स्प्लेंडर, अशा माणसाला विचारा. एरवी तो दोन्ही सहज चालवतो. पण अचानक कुत्रं आडवं आलं की पाय जातो पहिल्यांदा शिकलेल्या जागी. बुलेटवर शिकलेला स्प्लेंडरवर डावा पाय दाबतो, तिथे असतो गिअर. हा माणूस जन्माने डावखुरा की उजवा, याने इथे काडीचा फरक पडत नाही. संकटात शरीर विचारतं ते फक्त "पहिल्यांदा काय शिकलास?" एवढंच.

जावाचं तर आणखीच न्यारं. गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच, आणि तो डावीकडे. तोच आत दाबून वर फिरवला की किक. जगभरच्या बहुतेक गाड्या उजव्या पायाने किक मारायला लावत असताना डाव्या पायाच्या माणसाला न्याय दिला तो या चेक गाडीने. हेतू तो नसावा, पण दिला.

आता तुमच्यातले वाचणारे म्हणतील, डावखुऱ्यांना अपघात जास्त होतात असं शास्त्रज्ञांनीच सांगितलंय ना? सांगितलंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1989 साली विद्यार्थ्यांची पाहणी छापली. तीत डावखुऱ्यांनी जास्त दुखापती सांगितल्या, गाडी चालवतानाच्याही. पुढे 1991 मध्ये त्यांनी आणि डायन हॅल्पर्न यांनी मृत्यूच्या नोंदी घेऊन, नातेवाइकांना पत्रं पाठवून हिशेब मांडला, की डावखुरे सरासरी नऊ वर्षं आधी जातात. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं?

पण या हिशेबातली खोट कळायला विद्यापीठात जायची गरज नाही, आपल्या आजीची पंगत आठवली तरी पुरे. डाव्या हाताने घास घेतला की हातावर चापट. शाळेत डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल दिसली की पट्टी. त्या पिढीतले डावखुरे उजवे करून टाकलेले. त्यामुळे म्हाताऱ्यांत डावखुरे मोजायला गेलात तर थोडेच सापडणार आणि तरुणांत जास्त. मग मेलेल्या डावखुऱ्यांचं सरासरी वय कमी निघणारच. ते लवकर मेले म्हणून नव्हे, तर म्हातारे डावखुरे आधीच उजव्यांच्या यादीत गेले म्हणून. 1993 साली अमेरिकेतल्या वृद्धांची थेट पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दुखापतींच्या पाहणीबद्दल मी इतकंच म्हणेन, की ते विद्यार्थ्यांनी स्वतःच आठवून सांगितलेले अपघात होते, आणि मोटारसायकलबद्दल त्यातून काही ठरत नाही.

शिवाय डावखुरा कुणाला म्हणायचं हाही घोळच आहे. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा आणि सही करतो डाव्याने. आपल्या शेजारच्या कांजूरमार्गचा विनोद कांबळी डावरी फलंदाजी करायचा आणि ऑफस्पिन उजव्या हाताने टाकायचा. हाताचा कल एकीकडे आणि पायाचा दुसरीकडे, अशीही माणसं पुष्कळ. या सगळ्यांना एका रकान्यात कसं बसवणार?

तर मग फरक काहीच नाही का? आहे, थोडा आहे. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात. त्यात एक वळण डावीकडे, एक उजवीकडे. बऱ्याच जणांना उजवं वळण जड जातं, कारण हँडल पूर्ण उजवीकडे वळलं की उजवा कोपर पोटाशी येतो, मनगट मोडतं आणि मूठ अंदाजाबाहेर पिळली जाते. डावखुऱ्या मुलांची उजवी मूठ सुरुवातीला इथे जास्त धसकते, असा माझा अनुभव आहे. मोकळ्या मैदानात हँडल मोडून हळू चालवायचा सराव केला की ते जातं. हाताने इशारा करायचा तो उजव्या हाताने, म्हणजे नेमकी मूठ सोडून. तोही दोघांना सारखाच अवघड.

आणि माणूस किती जुळवून घेतो, याची हद्द रेसिंगमध्ये दिसते. ऑस्ट्रेलियाचा मिक डूहान 1992 साली असेनच्या ट्रॅकवर पडला, उजवा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. पाय वाचला, पण ब्रेक दाबण्याजोगा राहिला नाही. मग मागचा ब्रेक डाव्या मुठीशी, अंगठ्याने दाबायचा बसवला. त्यानंतर 1994 ते 1998 अशी सलग पाच वर्षं तो 500 सीसीचा विश्वविजेता होता. त्याच देशाचा अ‍ॅलन केम्पस्टर. उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही अपघातात गेले, तर सगळी यंत्रणा डावीकडे घेऊन तो शर्यतीत उतरला. गाडीवरचा त्याचा नंबर होता ½. यांच्यापुढे आपल्या मुलाचा डावखुरेपणा कुठे ठेवायचा?

शेवटी एक कामाची गोष्ट. आज घरोघरी बिनगिअरची स्कूटर आहे. तिच्या उजव्या लिव्हरला पुढचा ब्रेक, डाव्या लिव्हरला मागचा. डावखुऱ्याचा डावा हात जोरकस, त्यामुळे घाईत तोच आवळला जातो, मागचं चाक जाम होतं आणि ओल्या रस्त्यावर शेपूट फिरतं. खरं तर ब्रेक दाबल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस सक्तीचं झालं आहे. पण आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये त्याआधीच्या गाड्या भरपूर आहेत.

पाऊस जेमतेम महिन्यावर आलाय. तेव्हा घरातल्या डावखुऱ्यांनी, आणि उजव्यांनीही, येत्या रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानावर गाडी न्यावी. वेग वीसच्या आत ठेवावा आणि दोन्ही लिव्हर एकदम, हळूहळू वाढत्या दाबाने आवळून थांबायची सवय करावी. ती बोटांत बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करावी. आणि मैदानावर असलात तरी हेल्मेट घालून करा.