गहाणवटीच्या घरातील भाडेकरू



तुळजाभवानीचे ठाणे, गोरोबाकाकांचे तेर आणि नळदुर्ग-परंड्याचे कोट ज्या भूमीने आजवर सांभाळले, त्या धाराशिव जिल्ह्यात आपणां सर्वांचे स्वागत करण्याचे कार्य स्वागतमंडळाने माझ्यावर सोपविले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. अवर्षणाशी जन्माची ओळख असलेला हा मुलूख पाहुण्याला पाण्याची वानवा भासू देत नाही. तरीही व्यवस्थेत काही उणे आढळल्यास ते आपण उदार अंतःकरणाने पोटात घालावे.

घरमालकाचे कर्ज थकले आणि बँकेने तारण घरावर हक्क सांगितला, तर त्या घरात दरमहा चोख भाडे भरून राहणाऱ्याचे काय, हा आजच्या परिषदेचा विषय आहे. २००२ सालच्या सरफेसी कायद्यान्वये बँक कर्जदारास ६० दिवसांची नोटीस देते, नंतर प्रसंगी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या साहाय्याने कब्जा घेते आणि अखेरीस मालमत्ता लिलावात काढते. परंतु पहिली नोटीस कर्जदाराच्या नावाची असल्यामुळे, ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जायचे त्या भाडेकरूला या सर्व व्यवहाराची वार्ता बहुधा दारावर डकवलेल्या कब्जाच्या कागदावरूनच कळते.

या बाबतीत न्यायालयांनी भाडेकरूला वाऱ्यावर सोडलेले नाही. विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये असा निर्वाळा दिला, की भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण सरफेसी कायद्याच्या जोरावर हिरावून घेता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भाडेकरूला ऋणवसुली न्यायाधिकरणापुढे आपला हक्क मांडण्याची वाटही स्पष्टपणे खुली झाली. हे न्यायाधिकरण आपल्याकरिता छत्रपती संभाजीनगरास आहे, आणि अर्जाची मुदत अवघी ४५ दिवसांची आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. मात्र २०१९ साली बजरंग अगरवाल प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही बजावले, की तोंडी वा नोंदणी नसलेल्या करारावर विसंबणाऱ्यास एका वर्षापलीकडे कब्जा राखता येणार नाही. आणि कर्जदाराने नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून घर भाड्याने दिले, तर तशा भाडेकरूलाही संरक्षण नाही.

या कठोरतेला कारण आहे. जप्ती टाळण्यासाठी आपलाच मेहुणा वा मुनीम भाडेकरू म्हणून उभा करणारे कर्जदार काही थोडे नाहीत, आणि नागरी सहकारी बँकांत ठेव ठेवणारे लोकही आपल्यासारखेच शिक्षक, शेतकरी आणि दुकानदार आहेत. म्हणून बनावट भाडेकरूला बाहेर काढणे आणि खऱ्याला राखणे ही दोन्ही कामे एकाच साधनाने व्हावयास हवीत, आणि ते साधन म्हणजे गहाणखताच्या आधीचा नोंदणीकृत दस्तऐवज.

आपल्या मराठवाड्याला याचा दाखला बाहेर शोधावा लागत नाही. निजामी अंमल संपल्यानंतर हैदराबाद राज्याने १९५० साली कूळकायदा केला, तेव्हा संरक्षित कुळांच्या याद्या तयार झाल्या, आणि शतकानुशतके जमीनदाराच्या मर्जीवर जगणाऱ्या कुळाला सरकारी कागदावर नाव मिळाले. शेतीच्या कुळाला जे तेव्हा लाभले, ते शहरातल्या घरातील कुळाला आजही आपल्या हाताने मिळवावे लागते. वास्तविक महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५व्या कलमाने करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि ती चुकविणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंतचा कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे. तरी आपल्याकडे अजूनही बहुतेक घरे शब्दावर दिली जातात, भाडे रोखीने घेतले जाते आणि पावती मागणे हा अविश्वास मानला जातो.

म्हणून स्वागतमंडळाच्या वतीने दोन सूचना मी परिषदेपुढे ठेवतो. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेने प्रत्यक्ष घरी जाऊन तेथे कोण, केव्हापासून आणि कोणत्या कराराने राहतो याची नोंद घ्यावी, व कब्जाची नोटीस त्या माणसाच्या हाती स्वतंत्रपणे द्यावी, असा ठराव येथे व्हावा. आणि जिल्ह्यातील वकील मंडळींनी प्रत्येक तालुक्याच्या गावी महिन्यातून एक दिवस बसून भाडेकरारांचे मसुदे विनामूल्य करून द्यावेत. घरमालकांनीही यास विरोध करण्याचे कारण नाही. ज्याचा व्यवहार सरळ आहे, त्याला लेखी कराराचे भय नसते.

या सूचनांवर अध्यक्षमहाराजांनी मार्गदर्शन करावे आणि आपण सर्वांनी मोकळेपणाने मतभेदही मांडावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.