कुंडीतून रानात गेलेल्या वेली

पावसाच्या तोंडावर आपण बागेची छाटणी करतो. मनीप्लांटच्या लांबलेल्या वेली कापतो आणि कुंपणापलीकडे, वहाळाच्या काठी टाकून देतो. वाळून जातील, अशी आपली समजूत. पण या वेलीच्या पेरापेरापाशी मुळं फुटतात. एक पेर ओल्या मातीला टेकलं, की नवी वेल धरते. मनीप्लांटला फूल जवळजवळ येतच नाही, त्यामुळे बी पडायचा प्रश्नच नाही. तो रानात दिसला, तर तिथे आपणच टाकलेल्या तुकड्यातून रुजलेला असतो.

सुरण, अळू, शेवळा यांच्याच कुळातला हा मनीप्लांट. मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. त्याच कुळातलं सिंगोनियम मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या जंगलांतलं. बागेबाहेर पडल्यावर हे दोन्ही चटकन ओळखू येत नाहीत, कारण वेल झाडावर चढली की पानाचं रूप पालटतं. मनीप्लांटचं कुंडीतलं लहानसं पान झाडावर सुपाएवढं होतं आणि कडेपासून आत चिरत जातं. सिंगोनियमचं कोवळं पान बाणाकृती असतं. जून वेलीवर त्याच पानाची पाच ते नऊ दलं होतात.

म्हणून एका पानावरून निर्णय करू नका. वेल बुंध्यापासून वरपर्यंत पाहा. कोवळी आणि जून पानं एकाच वेलीवर सापडतात. मग देठ मोडून पाहा. सिंगोनियममधून पांढरा, दुधासारखा चीक येतो. मनीप्लांटमधून तसा येत नाही. मनीप्लांटच्या पानावर पिवळे पट्टे असतात, मात्र दाट सावलीत ते फिके पडतात. हे करताना हातमोजे घाला. अळूनं घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे, आणि त्या याही वेलींत असतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. सह्याद्रीत या कुळातल्या आपल्या स्वतःच्या वेली आहेत. गणेशकंदाच्या जून पानालाही भोकं आणि चिरा असतात, पण पिवळे पट्टे कधीच नसतात. दुसरी वेल पोथॉस. तिचा देठ पानासारखाच रुंद आणि चपटा असतो. नर्सरीत मनीप्लांटलाही पोथॉस म्हणतात, तेव्हा नावावर विसंबू नका. परकी वेल समजून देवराईतला गणेशकंद उपटला, तर नुकसान रानाचंच. खात्री नसेल तिथे हात लावू नका. पानाचे, देठाचे, बुंध्याचे फोटो काढून जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

आणि छाटलेल्या वेली कोरड्या फरशीवर, छपराखाली पसरून पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. त्याआधी त्या खतखड्ड्यात टाकू नका, आणि ओढ्यात, वहाळात किंवा देवराईच्या वाटेवर तर कधीच टाकू नका. एवढी काळजी प्रत्येक बागवाल्या घरानं घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती.