आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांनी पुढे काय व्हावे असे विचारले की डॉक्टर, इंजिनिअर ही उत्तरे ठरलेली. मध्यंतरी नववीतील एका मुलीने "मला नर्स व्हायचे आहे" असे सांगितले आणि तिच्या वडिलांनी मान खाली घातली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, दुसऱ्याची घाण काढण्यासाठी का हिला शिकवतो?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते आज देतो.

माझी दादी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, तेव्हा घरात माणसांची वाण नव्हती. इयादतीला येणाऱ्यांची तर रीघ लागे. लोक उशाशी बसत, दुआ करीत, चहा घेऊन जात. आम्हीही तिच्यासाठी जीव टाकीत होतो. पण अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, हे आम्हां एवढ्या शिकलेल्यांत एकालाही ठाऊक नव्हते. पंधरा दिवसांत माकडहाडापाशी कातडी लाल झाली आणि मग फुटली.

तेव्हा एक प्रशिक्षित बाई सेवेला ठेवली. तिने आल्याआल्या चादरीच्या सुरकुत्या काढल्या. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्या. लाल झालेली जागा चोळू नका, असे बजावले. आम्ही तर रोज तेल लावून चोळत होतो! पाणी पाजण्यापूर्वी दादीला टेकून बसवले, कारण आडव्या माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. अंग पुसण्याआधी दार लावून घेतले. दादीला बोलता येत नव्हते, तरी प्रत्येक वेळी "दादी, आता डावा हात उचलते हं" असे सांगूनच ती हात लावी. हे मला फार लागले. आम्ही दादीच्या देखत तिच्याविषयी बोलत होतो, तिच्याशी नव्हे. ती बाई आपल्या धर्माची नव्हती. पण तयम्मुम कसा करतात हे तिने अम्मीकडून विचारून घेतले आणि अस्रच्या वेळी आठवणीने मातीचे ढेकूळ दादीच्या हातापाशी आणी. औषधात मात्र स्वतःच्या मनाने कधी फेरफार केला नाही. ताप वाढला की वेळ लिहून ठेवी आणि डॉक्टरांना कळवी.

याला घाण काढणे म्हणायचे काय?

आपल्याला हे काम परके वाटावे, याचे मला नवल वाटते. हिजरी 5 मध्ये, म्हणजे इ. स. 627 साली, खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआझ यांना बाण लागला. तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना मदीनेत मशिदीपाशी असलेल्या हजरत रुफैदा यांच्या तंबूत ठेवण्यास सांगितले. ही बीबी जखमींची शुश्रूषा करीत असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 साली तुर्कस्तानात सैनिकांच्या सेवेला गेल्या, त्याच्या बाराशे वर्षे आधीची ही गोष्ट.

आणि आपल्या मुंबईतलेच पाहा. के. ई. एम. रुग्णालयातील नर्स अरुणा शानबाग 1973 मध्ये झालेल्या अत्याचारानंतर अंथरुणाला खिळल्या आणि 2015 मध्ये वारल्या. मधली जवळजवळ 42 वर्षे तेथील नर्सनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या; काम थांबले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात या सेवेची वाखाणणी केली. आमच्या घरी मात्र पंधरा दिवसांत जखम झाली होती.

या कामात कष्ट फार आहेत, रात्रपाळी आहे, आणि खासगी ठिकाणी पगार पुष्कळदा तुटपुंजा असतो. हे लपवून मी कोणाला पाठवणार नाही. ज्याला चटकन राग येतो किंवा ज्याला चूक कबूल करता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. पण मुलगे जाऊ शकतात, हे आपण विसरतो. आपल्या म्हाताऱ्या वडिलांना न्हाऊ घालायला पुरुष मिळाला तर त्यांचाही संकोच वाचेल.

बारावीनंतर ए. एन. एम. दोन वर्षांचा, जी. एन. एम. तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी. एस्सी.ला विज्ञान शाखा लागते, म्हणून दहावीनंतरच विचार करावा. फी भरण्यापूर्वी संस्था नर्सिंग कौन्सिलने मान्य केलेली आहे की नाही, हे पाहावे. गल्लीतल्या सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही.

त्या मुलीचे वडील आज सभागृहात आहेत. त्यांनी, आणि ज्यांना शंका असतील त्या इतर पालकांनीही, शनिवारी शाळा सुटल्यावर मला भेटावे. मुलांना बरोबर आणावे.